रात्रीच्या लढाऊ विमानातलं रडार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दुसऱ्या महायुद्धातल्या रडारविषयी वाचताना बहुतेकांची गाठ पडते ती किनाऱ्यावरच्या उंच मनोऱ्यांशी. विमानाच्या पोटात बसवलेलं रडार मात्र मागे राहतं. माझ्या मते त्या काळातलं सगळ्यांत अवघड काम हेच होतं. ते करणाऱ्या माणसांविषयी मला मनापासून आदर वाटतो, म्हणून इथली उत्तरं जरा सविस्तर दिली आहेत. भर ब्रिटनवर आहे, कारण विमानातल्या रडारने शत्रूचं विमान शोधून पाडणं पहिल्यांदा तिथेच साधलं.

जमिनीवर रडार होतं, मग विमानात वेगळं कशाला?

१९३९ पर्यंत इंग्लंडच्या पूर्व आणि दक्षिण किनाऱ्यावर 'चेन होम' या रडार केंद्रांची साखळी उभी राहिली होती. येणारी विमानं त्यांना शंभरेक किलोमीटरवरून कळायची, पण नेमकी जागा सांगताना काही किलोमीटरची चूक सहज व्हायची. दिवसा तेवढं पुरे होतं. वैमानिकाला त्या भागात नेऊन सोडलं की पुढचं काम त्याचे डोळे करत.

रात्री तोच वैमानिक जेमतेम दोन-तीनशे मीटरवरचं विमान पाहू शकतो, तेही नशीब असेल तर. जमिनीवरचं रडार त्याला चार-पाच किलोमीटरपर्यंत आणून सोडणार आणि डोळे शेवटच्या तीनशे मीटरला कामी येणार. मधलं अंतर कोणी पार करून द्यायचं? हेन्री टिझर्ड यांना हा पेच १९३६ मध्येच दिसला होता. हवाई संरक्षणाच्या वैज्ञानिक समितीचे ते अध्यक्ष होते. दिवसाचे हल्ले रडारमुळे महाग पडू लागले की जर्मन रात्री येतील, हे त्यांनी ह्यू डाउडिंग यांना कळवलं, जे लवकरच फायटर कमांडचे, म्हणजे ब्रिटिश लढाऊ विमानदळाचे प्रमुख झाले. तेव्हा चेन होमसुद्धा पुरती उभी नव्हती. इतक्या आधी इतकं नेमकं ओळखणं ही फार मोठी गोष्ट आहे.

हे काम कोणी हाती घेतलं?

एडवर्ड बोवेन या तरुण वेल्श भौतिकशास्त्रज्ञाने. सफक किनाऱ्यावरच्या बॉडसी मॅनर या जुन्या हवेलीत रॉबर्ट वॉटसन-वॅट यांचा गट रडारवर काम करत होता. त्यातलं विमानाचं अंग बोवेनने मागून घेतलं.

अडचण किती मोठी होती ते आकड्यांवरून कळतं. चेन होमच्या प्रक्षेपकाचे पोलादी मनोरे ११० मीटर उंच होते आणि तिची तरंगलांबी दहा मीटरच्या वर होती. बोवेनला सगळी यंत्रणा बसवायची होती ती साधारण ९० किलोत, एका मोठ्या ट्रंकेएवढ्या जागेत आणि विमानाला परवडेल तेवढ्या विजेवर. अँटेना विमानावर मावायची तर तरंगलांबी मीटर-दीड मीटरवर आणावी लागणार होती. इतक्या आखूड लहरींवर भरपूर ताकद देणारे व्हॉल्व्ह (ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काचेच्या निर्वात नळ्या) तेव्हा बाजारात नव्हतेच.

४ सप्टेंबर १९३७ रोजी एका अॅन्सन विमानातून बोवेनच्या गटाने नॉर्थ सी वर ब्रिटिश नौदलाचा ताफा शोधून काढला. हवा इतकी खराब होती की इतर विमानं शोध सोडून परतली होती. विमानवाहू 'करेजस'वरून उडालेल्या विमानांचे प्रतिध्वनीसुद्धा पडद्यावर उमटले. म्हणजे हवेतल्या विमानाने हवेतलं दुसरं विमान रडारवर पाहिलं होतं.

पुढच्या घडणीत टेलिव्हिजनचा मोठा हात आहे. लंडनमध्ये १९३६ पासून टीव्हीचं प्रसारण होत होतं. त्यासाठी 'पाय' नावाच्या कंपनीने बनवलेला रिसीव्हर बोवेनच्या कामाला अगदी चपखल बसला. त्यातला ईएफ-५० हा व्हॉल्व्ह हॉलंडमधल्या फिलिप्सचा होता आणि त्याचा साठा जर्मन तिथे घुसण्याच्या थोडं आधी इंग्लंडला पोहोचला.

हवाई दलाच्या वरिष्ठांना हे पटलं कसं?

जून १९३९ मध्ये डाउडिंग स्वतः बोवेनबरोबर फेअरी बॅटल विमानातून वर गेले. मागच्या अरुंद जागेत दोघं काळ्या कापडाखाली डोकं घालून बसले. पडद्यावरचा ठिपका जवळजवळ येत गेला. शेवटी डाउडिंग यांनी लक्ष्य कुठे आहे म्हणून कापड दूर सारलं, तर बोवेनने बोट सरळ वर केलं. दुसरं विमान अगदी डोक्यावर होतं.

डाउडिंग खूश झाले, पण उतरल्यावर त्यांनी काही अटी घातल्या. रात्रीच्या शिकारी विमानाला दोन इंजिनं हवीत, भरपूर वेळ हवेत थांबता आलं पाहिजे, आणि रडार पाहायला वेगळा माणूस हवा. उजळ पडद्याकडे बघणाऱ्याच्या डोळ्यांना अंधाराची सवय राहत नाही, त्यामुळे वैमानिकाने पडद्याकडे पाहायचंच नाही. शिवाय रडारने अगदी जवळपर्यंत साथ दिली पाहिजे. पुढच्या दोन वर्षांतल्या अनुभवाने यातली प्रत्येक अट बरोबर ठरवली.

पडद्यावर नक्की काय दिसायचं?

आजच्या नकाशासारखं काहीही नाही. ए.आय. (एअरबोर्न इंटरसेप्शन, म्हणजे विमानातून शत्रूला गाठणारं) मार्क ४ या रडारच्या ऑपरेटरसमोर दोन लहान गोल काचा असत आणि प्रत्येकीवर एक हिरवट रेघ. रेघ म्हणजे अंतर. वाटेत कुठे विमान असेल तर तिच्यावर एक टेंगूळ उमटे. एका काचेवर टेंगूळ डावीकडे जास्त फुगलंय की उजवीकडे ते बघायचं, दुसऱ्या काचेवर वर जास्त की खाली ते. दोन्ही बाजू सारख्या झाल्या म्हणजे लक्ष्य बरोबर नाकासमोर.

रेघेच्या टोकाला जमिनीवरून परतलेल्या लहरींचा रुंद पसारा असायचा. ब्रिटिश ऑपरेटर त्याला नाताळचं झाड म्हणत; मला तो आकार देवळासमोरच्या दीपमाळेसारखा वाटतो. त्या पसाऱ्यापलीकडचं काही दिसत नसे. विमान १५,००० फुटांवर असेल तर रडारचा पल्ला साडेचार किलोमीटर, कारण जमीन तेवढीच दूर. खाली उतरावं तसा पल्ला आखडत जायचा. कमी उंचीवरून येणारा जर्मन बॉम्बर त्यामुळे जवळजवळ सुरक्षित होता.

आता प्रसंग डोळ्यांसमोर आणा. बोफायटर विमानाच्या मागच्या भागात कडाक्याची थंडी आहे, विमान हेलकावतंय, ऑपरेटर दोन टेंगळांकडे टक लावून बसलाय आणि तोंडाने सारखा सांगतोय: थोडं डावीकडे, अजून डावीकडे, सरळ, अंतर हजार फूट, वेग कमी कर. वैमानिक पुढे निव्वळ काळोखात बघतोय. एकाला बाहेरचं दिसत नाही, दुसऱ्याला पडदा दिसत नाही. दोघांमध्ये आहे तो फक्त इंटरकॉमवरचा आवाज. 'वेग कमी कर' म्हणायला दोन सेकंद उशीर झाला तर विमान लक्ष्याच्या पुढे निघून जायचं, मग सगळं पहिल्यापासून. ऑपरेटरचं कसब पडदा वाचण्यात तर होतंच, पण आता दिसतंय त्यावरून अर्ध्या मिनिटाने काय होईल ते सांगण्यात जास्त होतं.

अगदी जवळचं विमान रडारला का दिसत नसे?

रडार लहरींचा एक झटका सोडतं, त्याला पल्स म्हणतात, आणि मग कान देऊन थांबतं. झटका चालू असेपर्यंत त्याला काही ऐकू येत नाही. लहर एका मायक्रोसेकंदात ३०० मीटर जाते, म्हणजे जाऊन-येऊन १५० मीटर. पल्स दोन मायक्रोसेकंद चालली तर ३०० मीटरच्या आतलं विमान गायब. त्यातून प्रक्षेपक एका क्षणात बंद न होता घरंगळत थांबायचा, त्यामुळे हे आंधळं अंतर आणखी वाढायचं.

काळोख्या रात्री वैमानिकाला दोनशे मीटरवरचं दिसतं आणि रडार तीनशे मीटरवर हात टेकतं, तर मधल्या शंभर मीटरांत शिकार हरवते. १९४० च्या सुरुवातीला यावरून संशोधकांत मोठा वाद पेटला आणि कामाचे मौल्यवान महिने त्यात गेले. तोडगा ईएमआय कंपनीतल्या ॲलन ब्लूमलाइन यांनी काढला. स्टीरिओ ध्वनिमुद्रणाचा शोध लावणारे ते हेच. पल्स झटकन सुरू आणि झटकन बंद करणारं विद्युत मंडल (सर्किट) त्यांनी रचलं, आणि त्यातून घडलेल्या मार्क ४ चं आंधळं अंतर सव्वाशे ते दीडशे मीटरवर आलं.

पहिलं विमान कधी पाडलं?

२२-२३ जुलै १९४० च्या रात्री. टँगमिअर तळावरच्या फायटर इंटरसेप्शन युनिटच्या ब्लेनहाइम विमानाने ससेक्सच्या किनाऱ्याजवळ डॉर्निअर १७ पाडलं. वैमानिक ग्लिन ॲशफिल्ड, निरीक्षक जेफ्री मॉरिस आणि रडारवर सार्जंट रेजिनाल्ड लेलँड. विमानातल्या रडारच्या मदतीने मिळालेलं हे जगातलं पहिलं यश.

मग त्यानंतरही लंडन, कॉव्हेंट्री का जळत राहिली?

कारण एका यशावरून यंत्रणा उभी राहत नाही. ब्लेनहाइम इतकं मंद होतं की काही जर्मन बॉम्बर त्याला मागे टाकून जात. रडार कारखान्यातून घाईघाईने बाहेर पडत होतं, ओलाव्याने बंद पडत होतं, आणि ते दुरुस्त करणारी व चालवणारी माणसं पुरेशी तयार नव्हती. १४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री सुमारे ५०० जर्मन बॉम्बर कॉव्हेंट्रीवर निघाले. शहरात पाचशेहून जास्त माणसं मेली. रात्रीच्या शिकारी विमानांनी शंभराच्या वर उड्डाणं केली, पण एकही बॉम्बर त्यांच्या हाती लागला नाही.

पुढच्या सहा महिन्यांत दोन गोष्टी बदलल्या. पहिली म्हणजे ब्रिस्टल बोफायटर: दोन दणकट इंजिनं, पोटाखाली २० मिलिमीटरच्या चार तोफा आणि पंखांत सहा मशीनगन. दुसरी आणि माझ्या मते जास्त महत्त्वाची, म्हणजे जमिनीवरून शिकारीला वाट दाखवणारं नव्या प्रकारचं रडार, थोडक्यात जी.सी.आय. याची अँटेना गोल फिरे आणि पडद्यावर आजूबाजूच्या आकाशाचा नकाशाच दिसे: मध्ये आपण, भोवती सगळी विमानं. सुरुवातीच्या केंद्रांवर ही अँटेना माणसं पेडल मारून फिरवायची. नियंत्रकाला आता आपलं विमान आणि शत्रूचं विमान एकाच पडद्यावर दिसू लागलं. बोफायटरला शत्रूच्या मागे, थोडं खाली, त्याच दिशेने जाताना तीन-चार किलोमीटरवर आणून ठेवायचं हे त्याचं काम. तिथून पुढे विमानातला ऑपरेटर सूत्रं घेई.

जमिनीवरचा नियंत्रक, विमानातला ऑपरेटर आणि वैमानिकाचे डोळे अशी तीन टप्प्यांची साखळी जुळली तेव्हाच रात्र ब्रिटिशांच्या बाजूने वळू लागली. जानेवारी १९४१ मध्ये शिकारी विमानांच्या खात्यावर जेमतेम तीन बॉम्बर होते. मे महिन्यात जवळपास शंभर. ७ मे १९४१ च्या रात्री राजे सहावे जॉर्ज सोपली इथल्या केंद्रात पडद्याशेजारी उभे होते, आणि त्यांच्यासमोरच बोफायटरचे वैमानिक जॉन कनिंगहॅम यांनी एक हाइंकेल बॉम्बर पाडलं. त्याच महिन्यात जर्मन विमानदळं रशियाच्या स्वारीसाठी पूर्वेकडे निघाली. ब्लिट्झ, म्हणजे ब्रिटिश शहरांवरचे हे रात्रीचे बॉम्बहल्ले, संपण्याचं मुख्य कारण तेच, एकट्या रडारला ते श्रेय देणं बरोबर नाही.

गाजर खाल्ल्याने वैमानिकांना रात्री दिसायचं, हे खरं का?

नाही. आपल्याकडेही 'गाजर खा, डोळे चांगले राहतील' हे सांगताना या वैमानिकांचा दाखला दिला जातो, म्हणून हा प्रश्न सारखा येतो. कनिंगहॅमना वर्तमानपत्रांनी 'मांजराच्या डोळ्यांचा' वैमानिक ठरवलं होतं आणि सरकारी प्रचाराने रात्रीच्या यशाचं श्रेय गाजरांना देऊन टाकलं. रडारचं गुपित जपायचं होतं आणि साखर-लोण्याच्या टंचाईच्या दिवसांत मुबलक असलेली गाजरं लोकांनी खावीत असंही सरकारला वाटत होतं. 'अ' जीवनसत्त्वाची कमतरता असेल तर रातांधळेपणा येतो आणि तो गाजराने कमी होऊ शकतो. धडधाकट माणसाला मात्र किलोभर गाजरं खाऊनही काळोखातलं जादा काही दिसत नाही.

स्पिटफायर, हरिकेन या एका आसनाच्या लढाऊ विमानांतच रडार का नाही बसवलं?

एकट्या माणसाला विमान चालवणं, पडदा वाचणं आणि बाहेर बघणं ही तिन्ही कामं त्या काळच्या उपकरणांवर झेपणारी नव्हती. दुसरा एक उपाय करून पाहिला गेला: दोन इंजिनांच्या विमानाच्या नाकात रडारबरोबर प्रचंड सर्चलाइट, आणि शेजारून उडणारं हरिकेन. दिवा लागला की हरिकेनने झडप घालायची. दिवा लागताच शत्रू सावध होऊन वळत असे आणि हरिकेनच्या वैमानिकाचे डोळे दिपत. १९४३ च्या सुरुवातीला ही पथकं मोडीत काढली.

मॅग्नेट्रॉनमुळे एवढा काय फरक पडला?

जमिनीचा पसारा अडवत होता कारण दीड मीटरच्या लहरींचा झोत करता येत नव्हता. त्या चहूकडे पसरत. तरंगलांबी दहा सेंटिमीटरवर आणली तर विमानाच्या नाकात मावणाऱ्या लहानशा परातीएवढ्या आरशाने टॉर्चसारखा झोत टाकता येतो. तो जमिनीकडे वळवलाच नाही तर पसारा उरतच नाही. अडसर एकच: इतक्या आखूड लहरी दमदार ताकदीने निर्माण करणार कशा?

बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन रँडल आणि हॅरी बूट यांनी तांब्याच्या ठोकळ्यात गोल पोकळ्या कोरल्या, मध्ये कॅथोड ठेवला आणि सगळं जोरदार चुंबकाच्या मध्ये धरलं. हाच मॅग्नेट्रॉन. २१ फेब्रुवारी १९४० रोजी त्यातून ९.८ सेंटिमीटरच्या लहरी निघाल्या, सुमारे ४०० वॅटच्या. त्याआधीची साधनं या तरंगलांबीवर याच्या जवळपासही नव्हती. वेम्बलीच्या जीईसी प्रयोगशाळेत एरिक मेगॉ यांनी त्याला विमानात नेण्याजोगं, बंदिस्त रूप दिलं.

या कथेतला मला सगळ्यांत आवडणारा दिवस १३ ऑगस्ट १९४० चा. डॉर्सेट किनाऱ्यावर स्वॉनेजजवळ संशोधकांचा गट नव्या दहा सेंटिमीटरच्या रडारची चाचणी घेत होता. आदल्याच दिवशी त्यावर विमान दिसलं होतं. आता कोणीतरी सुचवलं की जमिनीलगतचं काही दिसतं का बघू. एक तरुण सहकारी हातात पत्र्याचा तुकडा धरून सायकलवरून कड्याच्या कडेकडेने निघाला. झोत त्याच्यावर धरला. मागे अख्खी टेकडी असताना तिच्या प्रतिध्वनीत पत्रा बुडून जाईल असंच सगळ्यांना वाटत होतं. प्रत्यक्षात सायकलवरच्या पत्र्याचा प्रतिध्वनी स्वच्छ मिळाला. जमिनीलगत उडणारं विमानही आता लपू शकणार नव्हतं.

या गटात बर्नार्ड लोव्हेल होते, ज्यांनी पुढे जॉड्रेल बँकची रेडिओ दुर्बीण उभारली. ॲलन हॉजकिनही होते, ज्यांना १९६३ मध्ये मज्जातंतूंवरच्या संशोधनासाठी नोबेल मिळालं. आरसा वेगाने मळसूत्रासारखा फिरवून समोरचं आकाश चाळून काढायची यंत्रणा बसवण्यात हॉजकिन यांचा वाटा मोठा. मज्जातंतूंचा अभ्यासक रडारच्या आरशावर घाम गाळतोय, हे युद्धाच्या घाईतच घडू शकतं.

तुमच्या स्वयंपाकघरातल्या मायक्रोवेव्हमध्ये आहे तो याच मॅग्नेट्रॉनचा वंशज. त्याची लहर साधारण १२ सेंटिमीटरची.

अमेरिकेचा यात वाटा काय?

सप्टेंबर १९४० मध्ये टिझर्ड यांच्या शिष्टमंडळाने मॅग्नेट्रॉन अमेरिकेला नेऊन दिला. बोवेन त्यात होते. त्यातून एमआयटीत रेडिएशन लॅबोरेटरी उभी राहिली आणि एससीआर-७२० हे रडार तयार झालं, जे ब्रिटिशांनी ए.आय. मार्क १० म्हणून लाकडी मॉस्किटो विमानांत बसवलं. नॉर्थ्रॉपचं पी-६१ 'ब्लॅक विडो' म्हणजे रडार गृहीत धरूनच मुळापासून आखलेलं पहिलं रात्रीचं लढाऊ विमान. त्याचं पहिलं उड्डाण मे १९४२ चं. कारखान्यांची ताकद अमेरिकेची, मूळ कल्पना बर्मिंगहॅमची, असं मी मानतो.

जर्मनांकडे असं रडार नव्हतं का?

होतं, आणि ते चांगलंही होतं. जोसेफ कामहुबर यांनी हॉलंडपासून डेन्मार्कपर्यंत आकाशाचे चौकोन पाडले होते. प्रत्येक चौकोनात जमिनीवरची रडारं एका शिकारी विमानाला एका बॉम्बरवर घालत. टेलिफुंकनचं 'लिख्टेनश्टाइन' हे विमानातलं रडार अर्ध्या मीटरच्या आसपासच्या लहरींवर चाले. ८-९ ऑगस्ट १९४१ च्या रात्री लुडविग बेकर यांनी त्याच्या साह्याने वेलिंग्टन बॉम्बर पाडलं. अँटेनांची मोठी चौकट नाकाबाहेर आल्याने विमानाचा वेग घटायचा, म्हणून वैमानिक सुरुवातीला नाखूश होते. आकडे वाढू लागल्यावर तक्रारी थांबल्या.

ब्रिटिशांनी चौकोनांवर तोड काढली ती शेकडो बॉम्बर एकाच अरुंद वाटेने सोडून. एका चौकोनात एका वेळी एकच शिकार होत असल्याने बाकीचे निसटून जात.

रडार फसवायच्या युक्त्या कोणत्या होत्या?

इथे डाव-प्रतिडावांची साखळीच आहे, आणि त्यात दोनदा जर्मन विमान चालून इंग्रजांच्या हाती आलं.

९ मे १९४३ रोजी एक युंकर्स ८८ स्कॉटलंडमधल्या ॲबरडीनजवळच्या डायस तळावर उतरलं. त्यातली माणसं स्वतःहून फितूर होऊन आली होती. लिख्टेनश्टाइनसकट अख्खं विमान मिळालं. त्यानंतर काही आठवड्यांतच १४१ स्क्वाड्रनच्या बोफायटरमध्ये 'सेरेट' हे उपकरण आलं. ते जर्मन रडारच्या लहरी हुंगत शिकाऱ्याचीच शिकार करू लागलं.

२४ जुलै १९४३ च्या रात्री हॅम्बुर्गवर पहिल्यांदा 'विंडो' टाकलं गेलं. विंडो म्हणजे ॲल्युमिनियमचा वर्ख लावलेल्या कागदाच्या साधारण २७ सेंटिमीटरच्या पट्ट्या, गठ्ठ्यांनी. ती लांबी जर्मन रडारच्या निम्म्या तरंगलांबीच्या जवळ होती, म्हणून एकेक पट्टी खणखणीत प्रतिध्वनी द्यायची आणि पडदे खोट्या विमानांनी भरून जायचे. ७९१ बॉम्बरांपैकी फक्त १२ गमावले. त्या हल्ल्यांच्या मालिकेत हॅम्बुर्गची हजारो सामान्य माणसं जळून मेली, हेही याच तंत्राच्या हिशेबात धरलं पाहिजे. ब्रिटिशांकडे विंडो वर्षभर आधीपासून तयार होतं, पण जर्मनांनी तेच उलटवलं तर आपली रडारं आंधळी होतील या भीतीने ते वापरलं नव्हतं. गंमत म्हणजे जर्मनांनाही ही युक्ती माहीत होती आणि ते याच भीतीने गप्प होते.

जर्मन उत्तर म्हणजे 'एसएन-२', तीनेक मीटरच्या लांब लहरींचं रडार. त्याला या आखूड पट्ट्या बाधत नव्हत्या. जोडीला बॉम्बरांच्याच रडारचा माग काढणारी 'नाक्सॉस' आणि 'फ्लेन्सबुर्ग' ही उपकरणं आली. फ्लेन्सबुर्ग ब्रिटिश बॉम्बरांच्या शेपटीतल्या 'मोनिका' या धोक्याची सूचना देणाऱ्या रडारवर चालून जाई. संरक्षणासाठी बसवलेली वस्तूच मारेकऱ्याला वाट दाखवत होती. ३०-३१ मार्च १९४४ च्या न्यूरेंबर्ग मोहिमेत ब्रिटिशांचे ९५ बॉम्बर गेले.

मग १३ जुलै १९४४ च्या पहाटे आणखी एक युंकर्स ८८ दिशा चुकून इंग्लंडमधल्या वुडब्रिज तळावर उतरलं. उतरणाऱ्यांना आपण कुठे आहोत हे कळलंच नव्हतं. एसएन-२ आणि फ्लेन्सबुर्ग दोन्ही हाती लागले. मोनिका बॉम्बरांवरून काढली गेली आणि एसएन-२ साठी लांब विंडो तयार झालं.

भारताच्या आकाशात असं काही घडलं का?

हो, आणि ते आपल्याकडे फारसं सांगितलं जात नाही. डिसेंबर १९४२ मध्ये जपानी बॉम्बर रात्री कलकत्त्यावर येऊ लागले. माणसं शहर सोडून पळू लागली, गोदीचं काम ठप्प होऊ लागलं. इजिप्तमधून रडार बसवलेली मोजकी बोफायटर तातडीने डमडमला आली आणि त्यांतून १७६ स्क्वाड्रन उभं राहिलं. १५ जानेवारी १९४३ च्या रात्री फ्लाइट सार्जंट प्रिंग आणि त्यांचा ऑपरेटर फिलिप्स यांनी काही मिनिटांत तीन जपानी बॉम्बर पाडले. चारच रात्रींनी ऑस्ट्रेलियन वैमानिक क्रॉम्बी यांच्या विमानाचं इंजिन पेटलं. त्यांनी ऑपरेटर मॉसला उडी मारायला सांगितलं, स्वतः जळत्या विमानातून पाठलाग चालू ठेवला, दोन बॉम्बर पाडले आणि मग छत्री उघडली. त्यानंतर कलकत्त्यावरचे रात्रीचे हल्ले थंडावले. प्रिंग त्याच वर्षी डिसेंबरमध्ये शहरावरच्या दिवसाच्या हल्ल्यात मारले गेले.

या कामात संशोधकांचेही जीव गेले का?

गेले. ७ जून १९४२ रोजी वेल्सच्या सीमेजवळ वेल्श बिकनर इथे चाचणीवरचं एक हॅलिफॅक्स विमान आग लागून कोसळलं. त्यात जमिनीचा नकाशा दाखवणारं, मॅग्नेट्रॉनवर चालणारं एच-टू-एस रडार होतं. अकराही जण गेले, त्यांत ब्लूमलाइन होते. ते ३८ वर्षांचे होते. बातमी गुप्त ठेवावी लागली, म्हणून त्यांचं नाव आज फार थोड्यांना माहीत आहे.

आजच्या लढाऊ विमानात वेगळा रडार ऑपरेटर लागतो का?

बहुतेक विमानांत नाही. सिग्नल छाननीचं काम संगणक करतो आणि वैमानिकाला तयार चित्र मिळतं. तरी दोन माणसांची विमानं संपलेली नाहीत. नाशिकजवळ ओझरला जुळलेल्या सुखोई-३० मध्ये मागच्या आसनावर दुसरा माणूस बसतोच, आणि नाकातल्या 'बार्स' रडारचं काम मुख्यतः त्याच्याकडे असतं.

ती जुनी विमानं कुठे बघायला मिळतील?

डायसला फितूर होऊन आलेलं युंकर्स ८८ ब्रिटनच्या रॉयल एअर फोर्स म्युझियमच्या कॉस्फर्ड शाखेत आहे. मॉस्किटोचा पहिला नमुना लंडनच्या उत्तरेला सॉल्सबरी हॉलमध्ये, आणि एक ब्लॅक विडो वॉशिंग्टनजवळच्या स्मिथसोनियनच्या उडवार-हेझी केंद्रात.

ऑपरेटरांना कधी श्रेय मिळालं का?

उशिरा आणि कमी. वर्तमानपत्रांत छायाचित्र यायचं वैमानिकाचं. ऑपरेटर काय करतो हे सांगितलं असतं तर रडारचं गुपित फुटलं असतं, म्हणून त्याचं नाव मागेच ठेवणं भाग होतं. कनिंगहॅम यांच्या खात्यावर २० विमानं आहेत, त्यांतली १९ रात्रीची. त्यांतली बहुतेक मिळाली ती मागे जिमी रॉन्सली बसलेला असताना. रॉन्सली युद्धाआधीपासून त्याच ६०४ स्क्वाड्रनमध्ये मागचा गनर होता. विमानात रडार आलं तशी त्याने बंदूक सोडली आणि दोन काचांवरची टेंगळं वाचायला शिकला. त्याला डीएसओ, डीएफसी आणि डीएफएम ही तिन्ही पदकं मिळाली. युद्धानंतर कनिंगहॅम डी हॅविलँडमध्ये परतले आणि १९४९ मध्ये कॉमेट या पहिल्या जेट प्रवासी विमानाचं पहिलं उड्डाण त्यांनीच केलं. रात्रीच्या शिकारीबद्दल विचारलं की ते गाजरांचा विषय बाजूला सारून रॉन्सलीचं नाव घेत.